‘प्रोसीड’वर बोट ठेवण्याआधी

मृग लागायच्या बेतात होता. आमच्या गावातले एक काका सेवा केंद्रात आले, मोबाईल माझ्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाले, “ताई, एवढं दाबून दे बरं. माह्यानं पुढं जाऊन नाही राहिलं.” पडद्यावर अख्खं लाल पान होतं. गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पीक विम्याच्या नावाने लिंक आली होती. काकांनी ती उघडली आणि ब्राउझरने, म्हणजे साइट उघडून दाखवणाऱ्या क्रोमसारख्या अ‍ॅपने, त्यांना दारातच अडवलं. त्या पानावरचं एक अक्षरही त्यांनी वाचलं नव्हतं. “असं काही आलं का खालचं बारीक दाबायचं. तूच त दाबत होती मागं,” असं ते म्हणाले, आणि ते खरं होतं.

एका अर्जाची शेवटची तारीख दोन दिवसांवर आली असताना त्या साइटवर इशारा येऊ लागला होता. व्हरांड्यात तीस-पस्तीस माणसं उभी. मी प्रत्येकाच्या वेळी ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ आणि मग ‘प्रोसीड’ दाबत गेले. अर्ज भरले गेले, कोणाचं काही गेलं नाही. पण रांगेतली माणसं पडद्याकडे पाहत होती आणि माझी ती सवय घेऊन घरी गेली. ती मोडावी म्हणून हे लिहिते आहे. नवा मोबाईल हातात आलेल्या कास्तकारासाठी, बचत गटाचा हिशेब सांभाळणाऱ्या ताईंसाठी आणि सेवा केंद्रात नव्याने बसलेल्या पोरापोरींसाठी.

साइटचाही दाखला असतो

उत्पन्नाचा दाखला आपण सगळ्यांनी काढलेला आहे. कॉलेजातला कारकून आपल्याला ओळखत नाही, पण तहसील कार्यालयाला ओळखतो. म्हणून तो दाखल्यावर तीन गोष्टी पाहतो: नाव तुमचंच आहे का, मुदत उरली आहे का, आणि सही मान्य असलेल्या अधिकाऱ्याची आहे का. ब्राउझरही साइट उघडण्याआधी नेमकं हेच करतो. बहुतेक साइटजवळ एक सर्टिफिकेट, म्हणजे असाच दाखला, असतं. ते देणाऱ्या संस्था ठरलेल्या असतात आणि कोणाची सही मान्य करायची याची यादी ब्राउझरमध्ये किंवा मोबाईलमध्ये आधीपासून भरलेली असते. नाव, मुदत, सही यांपैकी एकही गोष्ट जुळली नाही की तो थांबतो आणि लिहितो, ‘युअर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट’. मोबाईलची भाषा मराठी असेल तर हेच मराठीत येतं.

या यादीतून नाव कापलंही जातं. २०११ मध्ये नेदरलँड्समधल्या डिजिनोटार नावाच्या संस्थेत हॅकर शिरले आणि त्यांनी गूगलसकट अनेक साइटच्या नावाचे खोटे दाखले बनवून घेतले. हे उघड झाल्यावर सगळ्या मोठ्या ब्राउझरांनी त्या संस्थेची सही मानणं बंद केलं आणि काही आठवड्यांत तिचं दिवाळं निघालं.

दाखला खरा असला की तुमच्या आणि साइटच्या मधलं बोलणं बंद पाकिटातून जातं. दाखलाच नसेल तर ते एसटीच्या कंडक्टरजवळ दिलेल्या उघड्या चिठ्ठीसारखं असतं, वाटेत ज्याच्या हाती पडेल तो वाचेल. पण पाकीट बंद आहे म्हणजे ते घेणारा माणूस सज्जन आहे असं होत नाही, आणि इथेच बहुतेकांची गफलत होते. ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही संस्था २०१५ पासून फुकट दाखले देते. त्यामुळे गरीब संस्थांच्या साइटही सुरक्षित झाल्या, पण फसवणाऱ्यालाही तोच दाखला पाच मिनिटांत मिळतो. पत्त्याशेजारचं कुलूप पाहून लोक निर्धास्त होतात हे लक्षात आल्यावर क्रोमने सप्टेंबर २०२३ मध्ये ते चिन्हच काढून टाकलं. “कुलूप दिसलं म्हणजे साइट खरी,” असं मीही सांगत असे. आता सांगत नाही, तुम्हीही सांगू नका.

आधी दुसरी एखादी साइट उघडून पाहा

इशारा आला की काहीही न दाबता दुसरी, रोजच्या वापरातली साइट उघडा. तिथेही इशारा आला, तिसरीवरही आला, तर बिघाड आपल्या मशीनमध्ये किंवा आपल्या नेटमध्ये आहे. बाकी सगळ्या साइट नीट उघडतात आणि एकीवरच अडतं, तर खोट त्या साइटची. एवढ्या एका परीक्षेने अर्धं काम होतं.

सगळीकडे इशारा येत असेल तर पहिल्यांदा तारीख पाहा. आमच्याकडे लाइट किती वेळा जाते ते वेगळं सांगायला नको. जुन्या कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवर रुपयाएवढा एक चपटा सेल असतो. तो संपला की लाइट गेल्याबरोबर घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं. मग आज दिलेला दाखला त्या मशीनला भविष्यातला वाटतो आणि सगळ्याच साइट अडतात. क्रोमच्या लक्षात आलं तर तो ‘युअर क्लॉक इज बिहाइंड’ असं स्पष्ट लिहितोही. तारीख आणि वेळ दुरुस्त करा, ब्राउझर बंद करून पुन्हा उघडा, काम होतं. दर वेळी तारीख बदलावी लागत असेल तर तो सेल बदला. सीआर २०३२ असं म्हटलं की दुकानदार काढून देतो. मोबाईलवर सेटिंगमध्ये तारीख-वेळ ‘ऑटोमॅटिक’ ठेवा. मुलांनी गेमसाठी तारीख पुढेमागे केलेली असते, हे मी बऱ्याचदा पाहिलं आहे.

तारीख बरोबर असेल तर नेट पाहा. नागपूर, वर्धा, बडनेरा अशा स्टेशनांवर फुकट वायफाय घेतलं की आधी त्यांच्या पानावर मोबाईल नंबर टाकावा लागतो. ते पान मध्येच आडवं येतं आणि ब्राउझरला शंका येते, कारण मागितली एक साइट आणि समोर आली दुसरीच. अशा वेळी वायफायच्या सूचनेवर बोट ठेवून आधी लॉगिन पूर्ण करा. तरीही इशारा राहिला तर वायफाय बंद करा आणि आपल्या सिमच्या डेटावर तीच साइट उघडा. डेटावर नीट उघडली तर त्या वायफायवर बँकेचं काम करू नका.

तिसरं कारण मशीनचं वय. विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० पासून सुरक्षेच्या सुधारणा देणं थांबवलं, आणि त्यावर चालणारं शेवटचं क्रोम १०९ व्या आवृत्तीचं आहे. खेड्यातल्या कितीतरी केंद्रांत आणि शाळांत आजही तेच चालू आहे. मोबाईलचंही तसंच. अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीच्या फोनमधल्या यादीत लेट्स एन्क्रिप्टची आताची सही नाही. जुन्या फोनसाठी केलेली तात्पुरती सोय ३० सप्टेंबर २०२४ ला संपली. म्हणून मोठ्या भावाचा जुना फोन वापरणाऱ्या मुलीला इशारा येतो आणि तीच साइट शेजारच्या नव्या फोनवर सुरळीत उघडते. ब्राउझर अपडेट होत असेल तर करून पाहा. होत नसेल तर त्या फोनवर बातम्या वाचा, गाणी ऐका, पण आधार आणि बँक दुसऱ्या फोनवर करा.

एकाच साइटवर अडलं तर बारीक अक्षर वाचा

इशाऱ्याच्या पानावर एक लांबलचक इंग्रजी शब्द असतो. त्याला घाबरू नका, फक्त शेवट वाचा.

शेवटी ‘डेट इनव्हॅलिड’ असेल आणि आपली तारीख बरोबर असेल, तर साइटच्या दाखल्याची मुदत संपली आहे. ३१ मार्च उलटल्यावर उत्पन्नाचा दाखला नवा काढायचा राहून जातो, तसं साइट चालवणाऱ्यांचंही होतं. हे पुढे वाढू शकतं. सप्टेंबर २०२० पासून हा दाखला जास्तीत जास्त ३९८ दिवसांचा असे. १५ मार्च २०२६ पासून ती मर्यादा २०० दिवस झाली आणि २०२९ मध्ये ४७ दिवसांवर येणार आहे. जिथे नूतनीकरण आपोआप होत नाही, माणूस हाताने करतो, तिथे चुकायच्या वेळा तेवढ्याच वाढतील.

‘कॉमन नेम इनव्हॅलिड’ म्हणजे दाखला दुसऱ्याच्या नावाचा आहे. पत्ता टाइप करताना एखादं अक्षर चुकलं का ते पाहा. पत्ता बरोबर असूनही हे येत असेल तर परत फिरा.

‘ऑथॉरिटी इनव्हॅलिड’ म्हणजे सही करणाऱ्याला ब्राउझर ओळखत नाही. फोन नवा, तारीख बरोबर, बाकी साइट चालू, आणि बँकेच्या किंवा सरकारी कामाच्या साइटवर हे आलं, तर मी याला सगळ्यांत वाईट खूण मानते. मध्ये कोणीतरी बसून स्वतःच्या सहीचा दाखला पुढे करत असेल तर असंच दिसतं.

काही साइटवर ‘प्रोसीड’चा पर्यायच दिसत नाही. तो मोबाईल बिघडलेला नसतो. आमच्या दाखल्यात काही खोट दिसली तर कोणालाही आत सोडू नका, असं त्या साइटनेच ब्राउझरला सांगून ठेवलेलं असतं. ते अडवणं चुकवायची युक्ती कोणी सांगितली तर करू नका.

लाल पान वेगळं

वर सांगितलेला इशारा दाखल्याचा आहे. पूर्ण लाल पान, ज्यावर ‘डेंजरस साइट’ किंवा जुन्या आवृत्तीत ‘डिसेप्टिव्ह साइट अहेड’ लिहिलेलं असतं, ते दाखल्याचं नसतं. ती साइट फसवणुकीच्या यादीत सापडली आहे, असा त्याचा अर्थ. क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी हे तिन्ही गूगलच्या सेफ ब्राउझिंग यादीचा आधार घेतात, मायक्रोसॉफ्टच्या एजची स्वतःची वेगळी यादी असते. काकांच्या मोबाईलवर हेच पान होतं. इथे काही तपासत बसायचं नाही. ‘बॅक टू सेफ्टी’ दाबायचं आणि लिंक ज्याने पाठवली त्याला कळवायचं. सरकारी साइटवरही लाल पान आलं तरी आत जायचं नाही, कारण सरकारी साइटही हॅक होऊ शकते.

याच्या उलट समजू मात्र नका. लाल पान आलं नाही म्हणजे साइट चांगली, असं नाही. आज सकाळी उभी केलेली खोटी साइट त्या यादीत यायला वेळ लागतो, आणि ग्रुपवर लिंक फिरते ती नेमकी त्याच वेळात.

पत्त्याचं आडनाव

म्हणून पत्ता वाचता आला पाहिजे. हे मी आमच्या बचत गटातल्या बायांना एका दुपारी शिकवलं आणि त्यांतल्या दोघींनी त्याच आठवड्यात खोट्या लिंक ओळखल्या, इतकं ते सोपं आहे.

आपलं नाव आधी येतं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं मध्ये आणि आडनाव शेवटी. साइटचंही तसंच. पत्त्यावर बोट ठेवा म्हणजे तो पूर्ण दिसेल. सुरुवातीच्या दोन जोडरेघा सोडा आणि त्यानंतर पहिली एकटी तिरपी रेघ येते तिथे थांबा. त्या रेघेच्या लगेच आधी जे लिहिलं आहे ते आडनाव. पीएम किसानची खरी साइट ‘पीएमकिसान डॉट जीओव्ही डॉट इन’ अशी संपते. सातबाऱ्याची, महाडीबीटीची आणि लाडकी बहीण योजनेची साइटही ‘जीओव्ही डॉट इन’वरच संपते. हे आडनाव सरकारी कार्यालयाशिवाय कोणाला मिळत नाही.

आता फसवणारा काय करतो? तो लिहितो ‘पीएमकिसान डॉट जीओव्ही डॉट इन डॉट अमुकतमुक डॉट कॉम’. सुरुवात पाहिली की मन भरतं. पण शेवट पाहा, आडनाव ‘अमुकतमुक डॉट कॉम’ आहे. किंवा तो टिंबाच्या जागी आडवी रेघ घालतो, ‘पीएमकिसान-जीओव्ही’, आणि पुढे भलतंच काही. जीओव्ही मध्ये कुठेही आलं तरी उपयोग नाही, ते शेवटीच हवं.

बँकांसाठीही आता सोय झाली आहे. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘बँक डॉट इन’ हे आडनाव जाहीर केलं आणि सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत त्यावर जायला सांगितलं. ते बँकेशिवाय दुसऱ्याला दिलं जात नाही. बँकेच्या नावाने आलेला पत्ता यावर संपत नसेल तर लिंक उघडूच नका, शाखेत विचारा.

इशाऱ्याचंच सोंग

काही वेळा मोबाईल थरथरतो, पडद्यावर आकडे उलटे मोजले जातात आणि लिहून येतं, ‘तुमच्या फोनमध्ये चार व्हायरस सापडले, लगेच साफ करा’. आमच्या शेजारच्या काकू हे पाहून इतक्या घाबरल्या की फोन बंद करून धान्याच्या कोठीत ठेवला. हा इशारा ब्राउझरचा नाही, ते त्या साइटवरचं चित्र आहे. ब्राउझरचा खरा इशारा तुम्हाला मागे जायला सांगतो. तो फोन नंबर देत नाही, काही डाउनलोड करायला सांगत नाही, आवाज करत नाही, मिनिटं मोजत नाही.

असं आलं की ती टॅब बंद करा, तेवढं पुरे. टॅब बंद केल्यावरही सूचना येतच राहिल्या तर पूर्वी कधीतरी एखाद्या साइटला ‘अलाउ’ दाबलेलं आहे. क्रोममध्ये वरचे तीन ठिपके, मग सेटिंग, साइट सेटिंग आणि नोटिफिकेशन असं जा. परवानगी दिलेल्या साइटची यादी दिसेल. ओळखीची नसेल ती ‘ब्लॉक’ करा.

आणि एपीके फाइल, म्हणजे मोबाईलमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल. लग्नपत्रिका, चलान, किसान योजनेचा हप्ता, कोणत्याही नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर आली तरी ती उघडू नका. मोबाईल ‘अननोन अ‍ॅप’ म्हणून विचारतो तेव्हा ‘सेटिंग’मध्ये जाऊन परवानगी देऊ नका. कापूस विक्रीच्या नोंदणीचं कपास किसान असो की दुसरं काही, अ‍ॅप प्ले स्टोअरवरूनच घ्या.

मग ‘प्रोसीड’ कधीच दाबायचं नाही?

दाबायची वेळ येते, पण थोड्याच ठिकाणी. घरच्या राउटरचं किंवा प्रिंटरचं पान उघडताना इशारा येतो, कारण घरातल्या डबीला बाहेरची संस्था दाखला देत नाही. ग्रामपंचायतीत डिजिटल सहीचं डोंगल वापरतात, तिथे सही करणारं सॉफ्टवेअर त्याच कॉम्प्युटरवर चालतं आणि ब्राउझर त्यावर शंका घेऊ शकतो. यंत्र आपलं, समोर आपणच, आणि काय उघडतोय ते माहीत, म्हणून चालतं.

बाकी सगळीकडे मी एकच प्रश्न विचारते: या पानावर मी काय टाइप करणार आहे? आधार, ओटीपी, पासवर्ड, खाते क्रमांक यांतलं काहीही असेल तर परत फिरते. मुदत संपलेल्या दाखल्याच्या साइटवरही. “ताई, आज शेवटची तारीख हाय, काहून अडून राहिली?” असं लोक रागावून विचारतात. तेव्हा मी इशाऱ्याचा स्क्रीनशॉट काढते, त्यात तारीख आणि वेळ दिसेल असा, आणि त्या खात्याच्या हेल्पलाइनला कळवून तक्रार क्रमांक घेते. अर्ज राहिलाच तर अर्जदाराच्या हातात पुरावा असतो. पूर्वी हे करायला मला वेळ वाया गेल्यासारखा वाटायचा, आता नाही वाटत.

पत्त्याशेजारी नुसतं ‘नॉट सिक्युअर’ लिहून येतं, त्याचंही हेच. जुलै २०१८ पासून क्रोम दाखला नसलेल्या प्रत्येक साइटवर ते लिहितो. बाजारभाव वाचायचे तर वाचा, लिहू मात्र काही नका. क्रोमच्या सेटिंगमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’त ‘ऑलवेज यूज सिक्युअर कनेक्शन्स’ आहे, ते आजच चालू करा. अशी साइट उघडण्याआधी तो विचारेल.

माहिती देऊन बसला असाल तर

लपवू नका. पैसे गेले असतील तर त्याच मिनिटाला १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावा. जितक्या लवकर कळेल तितकी रक्कम पुढच्या खात्यात अडवली जाण्याची शक्यता जास्त. बँकेचं नाव, व्यवहाराचा मेसेज आणि वेळ हाताशी ठेवा. मेसेज डिलीट करू नका. ‘सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन’वरही तक्रार नोंदवता येते. बँकेला सांगून खातं आणि कार्ड थांबवा. पैसे गेले नसतील, फक्त पासवर्ड दिला असेल, तर दुसऱ्या फोनवरून तो बदला. घरातली माणसं रागावतील म्हणून दोन दिवस गप्प बसलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. घरच्यांनो, आधी फोन लावा, बोलायचं ते नंतर बोला.

काकांना याची गरज पडली नाही. मी त्यांना लिंकचं आडनाव वाचायला लावलं, मग पीक विम्याची खरी साइट उघडून दाखवली. त्या वेळी अर्ज सुरूही झाले नव्हते. काकांनी मोबाईल हातात घेतला, ग्रुप उघडला आणि त्या लिंकखाली स्वतःच्या आवाजात निरोप टाकला, “बापूहो, हे उघडू नका. हे विम्याचं नोहे.”